कॅमेऱ्यातली खोली

‘कॅमेरात’ लिहायचं की ‘कॅमेऱ्यात’, असा प्रश्न आलाय. कॅमेऱ्यात. वारा–वाऱ्यात, तसंच. अनेकवचन कॅमेरे. संपलं.

आता माझं दुखणं. परवा बातमीत वाचलं, ‘मृतदेहाचे इन कॅमेरा शवविच्छेदन’. म्हणजे काय, तर व्हिडिओ चित्रीकरण करून! त्याच पानावर खाली ‘इन कॅमेरा सुनावणी’. ती मात्र बंद दाराआड. बलात्काराच्या खटल्यांसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२७ जे ‘इन कॅमेरा’ म्हणत होतं, ते हे दुसरं. त्यात फोटोबिटोचा संबंध नाही. लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे खोली. ‘इन कामेरा’ म्हणजे खोलीत. चित्रीकरण केलं असेल तर ‘चित्रीकरणासह’ लिहा की!

आपला कॅमेरा निघाला ‘कामेरा ऑब्स्क्युरा’तून, म्हणजे अंधाऱ्या खोलीतून. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये हा शब्द वापरला तेव्हा ती माणूस मावेल अशी खोलीच होती. आमच्या माळ्यावर खिडकीच्या फळीतली गाठ निखळून भोक पडलं होतं. दुपारी खिडकी लावून घेतली की रस्त्यावरच्या सायकली समोरच्या भिंतीवर चाकं वर करून चालायच्या. पुढे ही खोली आक्रसून पेटीएवढी झाली, ‘अंधारी’ गळालं आणि नुसती खोली गळ्यात अडकवून लोक फिरू लागले.

हिंदीतला ‘कमरा’ त्याच घरचा, पोर्तुगीज ‘कामारा’वरून आलेला. काही जाणकार तो फारसी ‘कमर’वरून आणतात. अहो, फारसीत खोलीला ‘ओताक’ म्हणतात! स्वतःकडे नसलेला कमरा इराणी आपल्याला कुठून देणार? मात्र लॅटिन शब्दाच्या मागचा ग्रीक ‘कामारा’ म्हणजे कमानदार छताची जागा, आणि अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेत, ‘कमरा’ म्हणजे कमरपट्टा. दोन्हीत गोलाई आहेच ना? तेव्हा आपली फारसीतून आलेली कंबर ही कॅमेऱ्याची लांबची बहीण, असं मी धरून चालतो. सगळ्या पंडितांना पटत नाही, न पटो. पण ते नातं असलंच तर ग्रीसच्या वाटेनं, इस्फहानहून थेट नव्हे.

आणि हो, ‘चोर कॅमेऱ्यात कैद’ हा मथळा. शुद्ध हिंदी उसनवारी, मला डोळ्यांसमोर नको वाटतो. पण चोर खोलीत कैद म्हटल्यावर व्युत्पत्तीनं बोट कुठे ठेवायचं?