नेहरू स्टेडियमची मोजणी, न्यू जर्सीतून

चि.,
अनेक आशीर्वाद.

तिकडे न्यू जर्सीत बसून इंदूरची निवडणूक नीट कशी बघायची, हा तुझा प्रश्न. त्यात दोन कामं आहेत: आकडे वाचायचे आणि यादीत आपलं नाव ठेवायचं. दुसरं कंटाळवाणं, म्हणून बहुतेक जण टाळतात.

आधी घड्याळ. इंदूरची मोजणी नेहरू स्टेडियममध्ये, सकाळी आठला सुरू होते. तुझ्याकडे तेव्हा उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. सुरुवातीला टपाली मतं, अर्ध्या तासाने यंत्रं. तेवढ्यासाठी जागू नकोस. उन्हाळ्यात पहाटे चारला उठलं की इथले दुपारचे दीड वाजलेले असतात आणि चित्र बरंचसं बसलेलं असतं.

त्याआधी वाहिन्यांवर जी 'आघाडी' पळते, तिचं गणित समजून घे. इंदूर लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं आहेत: इंदूर १ ते ५, राऊ, सांवेर, देपालपूर. प्रत्येकाची मोजणी वेगळी, साधारण १४ टेबलांवर. म्हणजे एका फेरीत १४ केंद्रांची यंत्रं; २८० केंद्रं असली तर २० फेऱ्या. यंत्रं केंद्रक्रमांकाने येतात आणि क्रमांक सहसा भूगोलाने लागलेले असतात. राऊत शहरातले वॉर्डही आहेत आणि गावंही. तिथल्या पहिल्या पाच फेऱ्यांत मतदारसंघाचं एक टोक दिसतं, सरासरी दिसत नाही. चार हजारांची आघाडी दिसली की आधी बघ: कितवी फेरी, किती फेऱ्यांपैकी? निवडणूक आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावरचा आकडा वाहिन्यांच्या मागे असतो, कारण फेरीच्या तक्त्यावर सही झाल्याशिवाय तो चढत नाही. मागे असला तरी तोच धर. शेवटची फेरी संपूनही घोषणा अडते, ती प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते यंत्राशेजारी छापून निघणारे कागद) मोजायच्या असतात म्हणून. नेमक्या त्या तासाभरात घरच्या ग्रुपवर 'काहीतरी गडबड आहे' सुरू होतं. उत्तर देऊ नकोस.

पूर्ण निकाल हातात असूनही फसायला होतं, आणि त्याला इंदूरइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१४ला भाजपच्या सुमित्राताई महाजन ४,६६,९०१ मतांनी जिंकल्या. २०२४ला भाजपच्याच शंकर लालवानींचं मताधिक्य ११,७५,०९२. लांबून बघणारा म्हणेल, काय लाट होती! पण २९ एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला होता आणि पक्षाने लोकांना नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही'चं बटण, दाबायला सांगितलं होतं. लालवानींना १२,२६,७५१ मतं, नोटाला २,१८,६७४, आणि त्याखालच्या बसपच्या उमेदवाराला ५१,६५९. नोटा हा उमेदवार नव्हे, म्हणून मताधिक्य मोजलं गेलं ते ५१,६५९ पासून. तेव्हा निकालाआधी उमेदवारांची अंतिम यादी बघत जा, अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यानंतरची. एक्झिट पोलचं मी काय सांगू. ४ जून २०२४ला त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

आता नाव. शिकायला किंवा नोकरीला बाहेर असलेल्या भारतीय नागरिकाला २०११ पासून परदेशस्थ मतदार म्हणून नोंदवता येतं. अर्ज ६क, ऑनलाइन भरता येतो. पासपोर्टचा फोटो-पत्त्याच्या पानांची आणि चालू व्हिसाची प्रत लागते. मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावरून, आणि घोटाळा इथेच होतो. पासपोर्ट पुण्याच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर काढला असेल, तर इंदूरच्या रामबागेत वाढूनही मत पुण्याचं. नूतनीकरण तिकडे करशील तेव्हाही इंदूरचा पत्ता राहील याची काळजी घे. चौकशीला बूथचा अधिकारी घरी येतो. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर 'इथे राहत नाही' एवढंच उत्तर जाईल आणि अर्ज तिथेच अडेल. जुन्या यादीत रहिवासी म्हणून नाव असेल तर ते काढून घे, दोन्हीकडे राहता कामा नये. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नकोस. तिकडचं नागरिकत्व घेतलं तर मात्र हा हक्क संपतो. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) मत नाही.

आणि हे ऐकून वैतागशील: मत द्यायला स्वतः यावं लागतं. टपालाने नाही, वकिलातीतही नाही. मतदार ओळखपत्रही मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्टच दाखवायचा, झेरॉक्स चालत नाही. तो मोठ्या बॅगेत टाकू नकोस, आणि मतदानाच्या दिवशी सकाळी उतरणारं विमान घेऊ नकोस, आदल्या दिवशीच पोच. २०२४ला छप्पन दुकानवर, आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीत, शाईचं बोट दाखवणाऱ्यांना पोहे-जलेबी फुकट होती, पण ती सकाळी लवकर मत देणाऱ्यांनाच.