पोटरीतून फ्लॅप घेतला तर पायाचे काय?
आरोग्य-शंका : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भावाचा स्कूटरवरून अपघात झाला. घोट्याच्या वर नडगीचे हाड उघडे पडले आहे. मांडीची कातडी लावून भागणार नाही, पोटरीचा फ्लॅप खाली वळवावा लागेल, असे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) सांगितले. साधी कातडी का चालत नाही? आणि पोटरीची धमनी कापली तर पाय सुकणार नाही का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : नुसती कातडी लावली तर ती स्वतःचे रक्त घेऊन येत नाही. पहिले दोनेक दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर तगते, मग तिथल्याच केशवाहिन्या तिच्यात शिरतात. हाडावरचे पातळ आवरण खरवडून गेले असेल तर केशवाहिन्या येणार कुठून? अशा हाडावर लावलेली कातडी मरते, हाड पुन्हा उघडे पडते आणि जंतूंना वाट मिळते. फ्लॅप म्हणजे कातडीचा किंवा स्नायूचा जिवंत तुकडा. तो आपली धमनी आणि रक्त परत नेणारी आपली शीर सोबत आणतो, म्हणून तो उघड्या हाडावर, अगदी हाडाला बसवलेल्या धातूच्या प्लेटवरही जगतो.

आता पाय सुकण्याची भीती. गुडघ्यामागची मोठी धमनी खाली येऊन तीन धमन्यांत वाटली जाते : पुढची अँटीरियर टिबियल, मागची पोस्टीरियर टिबियल आणि बाहेरच्या हाडाला लागून जाणारी पेरोनियल. भावाच्या फ्लॅपसाठी यांतली एकही कापत नाहीत. पोटरीच्या मध्यातून सुरल नावाची संवेदनेची नस जाते आणि तिच्या सोबतीने एक बारीक धमनी. पेरोनियलच्या छोट्या फांद्या बाहेरच्या घोट्याच्या सुमारे 5 सें.मी. वर कातडीकडे येतात आणि या बारीक धमनीला मिळतात. वरचा कातडीचा तुकडा सोडवून त्या बिंदूवर खाली फिरवला की रक्त उलट दिशेने, खालून वर चढत त्याला पोचते. म्हणूनच याला रिव्हर्स सुरल फ्लॅप म्हणतात.

जखम कुठे आहे त्यावर निवड ठरते. गुडघा आणि नडगीचा वरचा तिसरा भाग यांसाठी पोटरीचा वरचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस वळवतात. त्याच्या प्रत्येक भागाला सुरल धमनीची एकच मुख्य फांदी असल्याने तो सहज फिरतो. मधल्या भागासाठी त्याखालचा सोलियस. खालच्या तिसऱ्या भागापर्यंत हे स्नायू नीट पोचत नाहीत; भावाची जखम नेमकी तिथे आहे.

हा फ्लॅप बिघडतो तो बहुधा शिरेमुळे. रक्त आत येते, पण परतीची वाट अपुरी पडते आणि फ्लॅप निळसर होऊन फुगतो. म्हणून देठ, म्हणजे फ्लॅपला पायाशी जोडून ठेवणारी पट्टी, निदान 3 ते 4 सें.मी. रुंद ठेवतात आणि त्यात लहान सॅफेनस शीर घेतात. देठ घट्ट कातडीखालच्या बोगद्यातून ओढला तर दाबला जातो. त्यापेक्षा वरची कातडी उघडून देठावर ग्राफ्ट (नुसती कातडी) लावलेला बरा, मग दिसायला थोडे ओबडधोबड झाले तरी चालेल. मधुमेह, बिडी-सिगारेट किंवा पेरोनियल धमनीच तुंबलेली असेल तर धोका वाढतो. मग मांडीतून किंवा पाठीतून फ्री फ्लॅप, म्हणजे पूर्ण सोडवलेला तुकडा, आणून मायक्रोस्कोपखाली धमनी-शीर जोडावी लागते.

सुरल नस जाते, त्यामुळे पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येईल. चालण्यात अडचण नाही, पण चप्पल चावली तर कळणार नाही. शेतात अनवाणी उतरू नये आणि रोज रात्री पाय डोळ्यांनी तपासावा.

प्रश्न : वडिलांच्या खालच्या जबड्याच्या कॅन्सरसाठी पायाचे हाड काढून जबडा करणार आहेत. त्याआधी दोन्ही पायांचे सीटी अँजिओ (रंगद्रव्य देऊन धमन्यांचा स्कॅन) कशाला?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पोटरीच्या बाहेरचे बारीक हाड, फिब्युला, पेरोनियल धमनीसकट काढतात आणि तीच धमनी मानेतल्या धमनीला जोडतात. म्हणजे इथे तीनपैकी एक धमनी खरोखरच जाते. उरलेल्या दोन चांगल्या असतील तर पायाला काही होत नाही. पण काही थोड्या लोकांत जन्मतःच त्या दोन बारीक असतात आणि पाऊल पेरोनियलवरच जगते. अशा पायातही नाडी हाताला लागू शकते, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबून चालत नाही. ती धमनी काढली तर पाऊल जाऊ शकते. दोन्ही पाय पाहिले की कोणता पाय सुरक्षित ते ठरते. तपासणीत रंगद्रव्य देतात, म्हणून किडनीचा रिपोर्ट आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

हाड काढताना वर आणि खाली 6 ते 8 सें.मी. ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो. शरीराचे बहुतेक वजन नडगीचे हाड पेलते, त्यामुळे वडील चालतील. अंगठा वाकवायची ताकद थोडी कमी होते. व्यायाम टाळू नका.

प्रश्न : बहिणीची जीभ पुन्हा घडवण्यासाठी मनगटाऐवजी पोटरीची कातडी घेणार आहेत. हे बरे का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : पोटरी सडपातळ असेल तर उत्तम पर्याय. आतल्या बाजूच्या सुरल धमनीची बारीक फांदी स्नायूतून सोडवत घेतात. स्नायू जागेवर राहतो, तिन्ही मोठ्या धमन्याही राहतात. रुंदी साधारण 5 सें.मी.च्या आत असेल तर जखम सरळ शिवता येते. अडचण एवढीच की या फांद्या प्रत्येकाच्या वेगळ्या जागी असतात, त्या आधी डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) शोधाव्या लागतात आणि सोडवायला वेळ लागतो.

प्रश्न : वॉर्डात आणि घरी आम्ही नातेवाइकांनी काय पाहायचे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : पहिला दिवस सर्वांत महत्त्वाचा, तेव्हा नर्स तासातासाला पाहतात. फ्लॅप हलका दाबून सोडला की रंग दोन-तीन सेकंदांत परत यावा. फिका, थंड आणि रंग उशिरा येणारा फ्लॅप म्हणजे धमनीचा त्रास. जांभळा, फुगलेला आणि रंग झटकन येणारा म्हणजे शिरेचा. दोन्हींत सकाळच्या राऊंडची वाट पाहू नका, लगेच सांगा. वेळेत टाके उघडले, रक्ताची गाठ काढली तर फ्लॅप बऱ्याचदा वाचतो.

तंबाखू कोणत्याही रूपात बंद, चघळायचीसुद्धा. निकोटिनने बारीक धमन्या आवळतात. पोटरीचा फ्लॅप असेल तर टाच उशीवर टेकवून देठावर दाब येणार नाही असे झोपवा. पाय खाली सोडायला डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरुवात करा, आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवत. बांबोळीहून घरी नेताना बसमध्ये पाय लोंबकळत ठेवू नका. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा ठेवा आणि पावसात ड्रेसिंग भिजू देऊ नका.