ओल झाकून घर विकलं, तर?

प्रश्न : आम्ही धरमपेठेत राहतो. मुलगी फ्रान्समध्ये रेनला असते, म्हणून सुट्टीत राहायला तिथल्याच ब्रिटनी प्रांतात एक जुनं दगडी घर घेतलं. बघायला गेलो तेव्हा भिंती कोरड्या, नव्यानं रंगवलेल्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागे पोपडे सुटले. जिप्समचा बोर्ड काढला तर मागे हातभर काळी बुरशी. खरेदीखतात ‘दोषांची जबाबदारी विक्रेत्यावर नाही’ असं लिहिलंय. नागपुरात दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, घर तिथलं, विकणारा तिथला, त्यामुळे दावाही तिथल्याच कोर्टात. पण खरेदीखतातल्या त्या ओळीनं खचून जाऊ नका. फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम १६४१ नुसार लपलेल्या दोषाला विक्रेता जबाबदार असतो. कलम १६४३ प्रमाणे त्याला करारात सूट घेता येते, पण दोष त्याला ठाऊक नसेल तरच. म्हणजे सगळं येऊन थांबतं एकाच गोष्टीवर : ते बोर्ड कुणी लावले, आणि केव्हा? विक्रीच्या जाहिरातीतले जुने फोटो, कामाची बिलं, शेजाऱ्यांचं सांगणं, सगळं मुलीला गोळा करायला सांगा.

तुमचा दावा अडेल तो दुसरीकडे. दगडी घर म्हटलं की थोडी ओल आलीच, असं विक्रेता म्हणेल, आणि ते अगदी खोटंही नाही. जाड दगडी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि चुन्याच्या दरजांमधून ते सुकत जातं. वरून सिमेंट थापलं की ते आतच कोंडतं. आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा केल्यावर लोणा फुटतो, तसंच. म्हणून ओल कुठून येते आणि किती गंभीर आहे, हे तज्ज्ञानंच सांगायला हवं. तोवर भिंतीला हात लावू नका. दुरुस्ती केलीत की पुरावा गेला. आधी ‘कोमिसेर द ज्युस्तिस’ या तिथल्या अधिकाऱ्याकडून पंचनामा करून घ्या, मग वकिलामार्फत कोर्टाकडे तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज करा.

कलम १६४४ प्रमाणे घर परत करून पूर्ण पैसे मागता येतात, किंवा घर ठेवून किमतीचा काही भाग. लेक जवळ आहे, घरात तुमचा जीव अडकलाय, तर मी दुसरा मार्ग धरेन. विक्रेत्याला माहीत होतं हे सिद्ध झालं, तर नुकसानभरपाई वेगळी.

मुदत दोष कळल्यापासून २ वर्षं. नुसत्या नोटिसीनं ती थांबत नाही. तज्ज्ञाच्या अर्जाचं समन्स विक्रेत्यावर बजावलं गेलं की थांबते. बोर्ड काढला त्या दिवशीचे मोबाइलमधले फोटो पुसू नका, दिवस तिथूनच मोजले जातील.

आणि हो, आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात, हे घर दाखवलंय ना? नसेल तर याच आठवड्यात सीएंना भेटा.