एक जानेवारीची यादी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. सुरुवात वाजपेयी-मुशर्रफ यांच्या आग्रा शिखर परिषदेपासून आहे. का, ते कळतं. फोटो आहेत, आठवणी आहेत, वाचायला भरपूर आहे. पण २००१च्या त्या जुलैत संयुक्त निवेदनसुद्धा निघालं नाही. त्यापेक्षा ३१ डिसेंबर १९८८ला इस्लामाबादेत सही झालेल्या, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या भारत-पाकिस्तान कराराकडे वळ. जेमतेम पान-दीड पानांचा मजकूर, एका बैठकीत वाचून होईल.

१९८१मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केली. तेव्हापासून भारत कहुटावर, म्हणजे पाकिस्तानच्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या केंद्रावर, असंच काही करेल, ही धास्ती पाकिस्तानला होती. राजीव गांधी आणि पाकिस्तानचे लष्करशहा झिया यांचं १९८५मध्ये तोंडी ठरलं. कागदावर आलं ते बेनझीर पंतप्रधान झाल्यावर. एकमेकांच्या अणुकेंद्रांना इजा करायची नाही, कुणाला त्यासाठी फूसही लावायची नाही, आणि दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशांसह दुसऱ्याच्या हाती द्यायची. पहिली यादी दिली गेली १९९२मध्ये.

आता तारखा बघ. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा उभ्या होत्या, तरी १ जानेवारी २००२ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. २६/११ला महिना उलटतोय तोच, २००९च्या पहिल्या दिवशी, पुन्हा. २०२५ची देवाणघेवाण चौतिसावी होती.

लगेच भारावून जाऊ नकोस. याद्या गुप्त असतात, तपासायला कुणी निरीक्षक येत नाही. पहिल्याच वर्षी 'समोरच्याने काही ठिकाणं वगळली' अशा बातम्या आल्या होत्या. आणि हा करार असताना कारगिल झालंच. इराणच्या अणुकार्यक्रमाला आवर घालायला त्याच्याशी २०१५मध्ये व्हिएन्नात झालेला करार शेजारी ठेवून बघ: दीडशेवर पानं, युरेनियम ३.६७ टक्क्यांपलीकडे समृद्ध करायचं नाही, साठा ३०० किलोच्या आत, कॅमेरे, निरीक्षक. इराण अटी पाळतोय असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे अहवाल येत असतानाच २०१८मध्ये अमेरिका बाहेर पडली. २०२१मध्ये इराण ६० टक्के समृद्ध युरेनियमवर, म्हणजे अण्वस्त्राला लागतं त्याच्या जवळ, पोचला.

मग पडताळणी असलेला मोडला आणि नसलेला टिकला, असं का? माझं मत विचारशील तर आपला करार स्वस्त आहे म्हणून टिकला. पाळायला कुणाला काही सोडावं लागत नाही, मोडून मतं मिळत नाहीत. तुला पटलं नाही तर खोडून काढ, पण पुराव्यानिशी. 'विश्वास निर्माण झाला' हे वाक्य मात्र आराखड्यात चार ठिकाणी आहे, ते काढ.

आणखी एक. त्याच १ जानेवारीला दोन्ही देश एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही देतात. तारापूरचं अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात, आणि गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाऊन पाकिस्तानात पकडले गेलेल्यांतही पालघरची पोरं असतात. अणुकेंद्रांची यादी वर्षात एकदा, माणसांची दोनदा, १ जुलैलाही. तरी शिक्षा संपलेले खलाशी आत खितपत राहतात. यादी देणं आणि प्रश्न सोडवणं यातलं अंतर तुला तिथे दिसेल. परराष्ट्र मंत्रालयाची गेल्या दहा वर्षांची १ जानेवारीची दोन्ही निवेदनं काढ, शेजारी-शेजारी लाव आणि नव्या पहिल्या प्रकरणाचा खर्डा पाठव. आग्रा तिसऱ्या प्रकरणात चालेल.