दाढ काढायची आहे आणि भूल देणार आहेत. सकाळी दात घासून जायचं का? आणि काढल्यावर पुन्हा कधी घासायचे?

सकाळी नेहमीसारखे, किंबहुना जरा जास्त वेळ देऊन घासा, जीभही स्वच्छ करा. मी दातांचा डॉक्टर आहे, म्हणून आग्रहानं सांगतो. दाढ काढल्यावर तिथे उघडी जखम राहते आणि तोंडातले जंतू थेट तिच्यात जातात. काही जण सुजलेल्या दाढेला दुखेल म्हणून ती बाजू आठवडाभर घासतच नाहीत. तसं करू नका, मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा. संसर्ग फार असेल तर तिथली ऊती आम्लधर्मी होते आणि भूल नीट चढत नाही.

फक्त दाढेपुरती इंजेक्शनची भूल असेल तर बहुतेकांना हलकं खाऊन जायला हरकत नसते. पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध देणार असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा साधारण 6 तास आधीपासून खाणं बंद आणि 2 तास आधीपासून पाणीही बंद, पण तुम्हाला सांगितलेली वेळच पाळा. दात तेव्हाही घासता येतात, फक्त चूळ भरलेलं पाणी गिळू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आता नंतरचं. यात बहुतेक लोक नेमकं उलट करतात. पहिल्या दिवशी तोंडात रक्ताची चव येते म्हणून सारखे खळखळून चुळा भरतात, आणि मग भीतीनं चार-पाच दिवस ब्रशला हात लावत नाहीत. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती त्या जखमेची खपलीच. तिच्याखाली हाड भरून येतं. पहिले 24 तास ती जागची हलता कामा नये. म्हणून जोरात चूळ नको, थुंकणं नको, स्ट्रॉनं ओढणं नको, आणि सिगारेट तर अजिबात नको. लाळेत थोडा लालसरपणा दिवसभर दिसतो, घाबरू नका. बाकीचे दात मात्र त्याच रात्री घासा, जखमेची जागा सोडून. पाणी तोंडात घ्या आणि मान वाकवून आपोआप सांडू द्या.

भूल उतरेपर्यंत, म्हणजे बहुधा 2 ते 4 तास, चावून खाऊ नका आणि गरम काही पिऊ नका. गाल चावला गेला तरी कळत नाही. लहान मुलांवर तर लक्षच ठेवावं लागतं, बधिर ओठ चावून चावून ती सुजवून घेतात.

दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलक्या चुळा भरा. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन, म्हणजे चूळ भरायचं जंतुनाशक औषध, दिलं असेल तर ते पेस्टनंतर लगेच वापरू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून सांगितले तेवढेच दिवस घ्या.

दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन-तीन दिवसांनी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणका जाऊ लागला, तोंडाला घाण वास आला, तर बहुधा गुठळी निघून हाड उघडं पडलंय. खालच्या दाढांना आणि सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं. तेव्हा घरी वेदनाशामक घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की बहुतेकांना लवकर आराम पडतो.