एकटं म्युटेशन यीस्ट सोसतं, जोडी मात्र त्याला मिठात मारते. का?

तुम्ही विचारलंय की यीस्टमधून एसएचओ१ किंवा एसएसके१ यांपैकी एकच जीन काढला तर ०.५ मोलर मिठावर वाढ जवळपास शाबूत राहते, दोन्ही काढले की प्लेट कोरी. स्ट्रेन बनवताना चूक झाली का? नाही, असंच व्हायला हवं.

बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी निघून जातं. ही खबर एचओजी१ या किनेजपर्यंत (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून कामाला लावणारं एन्झाइम) दोन वाटांनी पोचते, एक एसएलएन१-एसएसके१ची, दुसरी एसएचओ१ची. एक तुटली तर दुसरी भागवते. दोन्ही तुटल्या की पेशीत पाणी धरून ठेवणारं ग्लिसरॉल पुरेसं साठत नाही. उलटंही घडतं: एकटं एसएलएन१ काढलं तर एचओजी१ कायम चालू राहून पेशी मरते, आणि सोबत एचओजी१ही काढलं तर जगते, फक्त मिठात टिकत नाही. म्हणून दोन म्युटेशनच्या परिणामांची नुसती बेरीज करू नका.

प्रत्येक स्ट्रेनची मिठातली वाढ त्याच्याच बिनमिठाच्या वाढीनं भागा आणि वाइल्ड टाइप (काहीच न काढलेला मूळ स्ट्रेन) १ धरा. एकेरी म्युटंट ०.९ आणि ०.८ असतील तर दुहेरीत त्यांचा गुणाकार, ०.७२, अपेक्षित. त्याहून बरंच वेगळं, समजा ०.१, आलं तरच एकमेकांवरचा परिणाम म्हणा.

मिठाच्या प्लेटशेजारी (लिटरला २९.२ ग्रॅम) १ मोलर सॉर्बिटॉलची (पाणी तसंच ओढणारी, पण सोडियम नसलेली साखरेसारखी वस्तू) प्लेट हवीच, लिटरला १८२ ग्रॅम. दोन्हीवर मेला तर अडचण पाण्याची. फक्त मिठावर मेला तर सोडियम बाहेर टाकण्याची, म्हणजे ईएनए पंपाची. एस२८८सी या नेहमीच्या लॅब स्ट्रेनमध्ये ईएनए१, २ आणि ५ हे जीन लागोपाठ आहेत, त्यामुळे तिथे ईएनए काढायचं तर पूर्ण समूह काढा.

आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ मात्र कृपा करून वापरू नका. जेवणात उत्तम, मीडियात घातक. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, वजन चुकतं. आणि कॅल्शियम कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला जागं करतं, ते ईएनए१ वाढवतं. म्हणजे तुम्ही जे मोजताय तेच ढळतं. शुद्ध सोडियम क्लोराइड घ्या.

सगळे स्ट्रेन एकाच ओडीला (पेशींच्या दाटपणाचं माप) आणा, दहापट सौम्य करत चार पायऱ्या, ५ मायक्रोलिटरचे थेंब, ३० अंश, दोन आणि तीन दिवसांनी फोटो. पावसाळ्यात प्लेट नीट वाळवल्याशिवाय थेंब टाकू नका, एकमेकांत मिसळतात.

दुहेरी म्युटंटच्या थेंबात एखादी ठसठशीत कॉलनी उठली तर ती सप्रेसर असू शकते, म्हणजे तिसऱ्या म्युटेशननं पहिल्या दोघांचा परिणाम झाकलेला. वेगळी काढा, बिनमिठाच्या प्लेटवर वाढवून पुन्हा मिठावर तपासा, आणि दोन्ही डिलीशन जागेवर आहेत का ते पीसीआरनं पाहा. तिसरं म्युटेशन कुठल्या वाटेवर आहे, हा पुढचा खरा प्रश्न तिथूनच मिळेल.