ऐंशीच्या दशकाअखेर गीतमालेत, म्हणजे रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमात, गाजलेली कोणती गाणी आजही ऐकावीत?

माझ्यासाठी पहिलं ‘चिठ्ठी आई है’. १९८६ च्या ‘नाम’मधलं, पंकज उधास यांचं. सात मिनिटांहून मोठं, तरी अमीन सयानींच्या गीतमालेत १९८७ चं सरताज गीत, म्हणजे वर्षातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं, ठरलं. रेडिओवर ते लागलं की शेजारच्या काकू हातातली निवडायची मेथी तशीच ठेवून ऐकत बसायच्या. गाणं परदेशी गेलेल्याला घरी बोलावणाऱ्या चिठ्ठीचं, आणि काका आखातात होते. अजूनही ते गाणं लागलं की मला काकूंचा चेहरा दिसतो.

मग १९८८ चं ‘पापा कहते हैं’. उदित नारायण यांचा कोवळा आवाज, आणि शब्द मात्र सत्तरीकडे झुकलेल्या मजरूह सुलतानपुरींचे! कॉलेजातल्या पोराचं मन त्यांनी किती नेमकं पकडलंय. ‘एक दो तीन’ही जरूर ऐका, अलका याज्ञिक यांच्या आवाजातलं.